डिलीट केले, पण गेले का?

सुट्टीत आपाच्या घरी गेलो की चहाच्या आधी लॅपटॉप पुढे येतो. मी काही इंजिनिअर नाही. लिहिण्यासाठी वीस-बावीस वर्षे संगणक वापरतो आहे, तेवढ्यावर नात्यात 'कॉम्प्युटरमधलं कळणारा' अशी माझी उगाचच ख्याती झाली आहे. या वेळी भाचीने लॅपटॉप समोर ठेवला आणि म्हणाली, "मामू, सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. उद्या सीईटीचा फॉर्म भरायचाय."

लॅपटॉप दुल्हाभाईंनी सेकंड हँड घेतलेला, रॅम चार जीबी. त्याच्याकडून फार अपेक्षा नव्हती, पण दहा मिनिटे म्हणजे जास्तच झाले. मी सेटिंग्जमध्ये जाऊन इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी उघडली. दोन अँटीव्हायरस, दोघांचीही मुदत कधीच संपलेली. पीडीएफचे तीन प्रोग्रॅम. 'पीसीचा वेग वाढवणारा' एक, जो स्वतःच दर अर्ध्या तासाने पडद्यावर येऊन पैसे मागत होता. घरात नसलेल्या प्रिंटरचे सॉफ्टवेअर. ब्राउझरमध्ये कुपन दाखवणारे काहीतरी. कोणी टाकले म्हणून विचारले, तर घरात कोणी कबूल होईना.

"आम्ही तर सगळं काढून टाकलं होतं," दुल्हाभाई म्हणाले. "डेस्कटॉप बघा ना, काही आहे का?"

डेस्कटॉप खरोखरच स्वच्छ होता. त्यांनी एकेक चिन्ह उचलून रिसायकल बिनमध्ये टाकले होते. मी त्यांना हसलो नाही, कारण हीच समजूत मी शिकल्यासवरल्या लोकांतही पाहिली आहे. डेस्कटॉपवरचे ते चिन्ह म्हणजे दारावरची पाटी. पाटी काढली तरी भाडेकरू आत राहतोच.

यादी खाली सरकवत गेलो आणि एका नावावर थांबलो. दूर बसून दुसऱ्याचा संगणक चालवता येतो, तसल्या प्रकारचा तो प्रोग्रॅम होता. प्रोग्रॅम म्हणून त्यात वाईट काही नाही, कार्यालयांत असे प्रोग्रॅम रोज वापरतात. पण हा इथे कसा? तेव्हा दुल्हाभाईंना आठवले. दीड वर्षापूर्वी प्रिंटर चालेना म्हणून इंटरनेटवर मिळालेल्या एका नंबरवर त्यांनी फोन केला होता. पलीकडच्या माणसाने हा प्रोग्रॅम टाकायला सांगितला, पडद्यावरचा आकडा विचारला, बाण आपोआप इकडेतिकडे फिरला, प्रिंटर चालू झाला, तीनशे रुपये गेले. फोन ठेवल्यावर दुल्हाभाईंनी चिन्ह पुसून टाकले.

प्रोग्रॅम मात्र सर्व्हिस म्हणून बसवलेला होता. सर्व्हिस म्हणजे विंडोज सुरू झाले की कोणी न सांगता पाठीमागे सुरू होणारे काम. शिवाय कायमचा पासवर्ड घातलेला, म्हणजे या बाजूला कोणी 'होय' म्हणण्याचीही गरज नाही. लॅपटॉप चालू आणि इंटरनेट जोडलेले असले की पासवर्ड माहीत असलेला माणूस आत येऊ शकत होता. त्या दीड वर्षात कोणी आले होते का? माझ्याकडे तसा पुरावा नाही. आले नाही याचाही नाही. त्या लॅपटॉपवर घरातल्या सगळ्यांची आधार कार्डे स्कॅन केलेली होती, बँकेचे पासबुक होते, भाचीचे ओबीसीचे जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर, उत्पन्नाचा दाखला, सगळे एका फोल्डरमध्ये, फोल्डरचे नाव 'डॉक्युमेंट्स ओरिजिनल'. आपाने एवढेच विचारले, "दीड वर्ष?" आणि ती उठून आत गेली.

त्या रात्री मी लॅपटॉप घेऊन बसलो तेव्हा वेगाचा प्रश्न मागे पडला होता.

विंडोजमध्ये आपण 'अनइन्स्टॉल' दाबतो तेव्हा नेमके काय होते, हे बहुतेकांना ठाऊक नसते. आपल्याला वाटते, विंडोज त्या प्रोग्रॅमला बाहेर काढते. बऱ्याचदा विंडोज फक्त त्या प्रोग्रॅमने स्वतःबरोबर आणलेला अनइन्स्टॉलर चालू करते. म्हणजे काय न्यायचे आणि काय ठेवायचे, ते जाणाराच ठरवतो. १९९५ साली विंडोज ९५ बरोबर प्रोग्रॅम काढण्याची खिडकी घरोघरी आली, तेव्हापासून मूळ व्यवस्था हीच आहे. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज इन्स्टॉलर आणला. त्यात काय बसवले याची नोंद विंडोजकडे राहते आणि काढताना त्या नोंदीप्रमाणे काढले जाते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घेतलेली बरीचशी नवी ॲप्स तर वेगळ्या कप्प्यात राहतात आणि जाताना बहुतेक सगळे घेऊन जातात. सांगायचा मुद्दा असा की स्वच्छ निघण्याची पद्धत अस्तित्वात आहे. जो प्रोग्रॅम स्वच्छ निघत नाही, त्याच्या बाबतीत तंत्रज्ञानाची अडचण हे उत्तर मला पटत नाही.

मागे काय राहते? प्रोग्रॅम फाइल्समध्ये रिकामे किंवा अर्धे भरलेले फोल्डर. प्रोग्रॅमडेटा नावाच्या एरवी न दिसणाऱ्या फोल्डरमध्ये काही. वापरणाऱ्याच्या नावाखालच्या ॲपडेटामध्ये सर्वांत जास्त: तिथे लोकल, लोकल-लो आणि रोमिंग असे तीन कप्पे असतात आणि प्रोग्रॅमची सेटिंग्ज, साठवलेले तुकडे, कधी कधी लॉगिनच्या खुणाही तिथे पडून असतात. एका संगणकावर दोघांची वेगळी खाती असतील, तर एकाने काढताना दुसऱ्याच्या ॲपडेटातले बहुधा तसेच राहते. टास्क शेड्युलरमध्ये 'रोज अमुक वाजता अपडेट तपास' अशी कामे राहतात. ब्राउझरचे एक्स्टेन्शन तर स्वतंत्रच काढावे लागते. आणि रजिस्ट्रीत नोंदी राहतात, ज्यांचे नाव काढले की लोक घाबरतात. खरे तर त्यांचीच भीती सर्वांत कमी असायला हवी. रजिस्ट्रीतल्या शे-दोनशे मेलेल्या नोंदींनी संगणक मंदावत नाही. सुरू होताना आपोआप उठणारे प्रोग्रॅम त्याला मंदावतात.

यावर 'काय मोठेसे, थोडी जागाच तर अडते' असे म्हणणारे मित्र मला भेटतात. त्यांना दोन जुनी प्रकरणे सांगावीशी वाटतात. २००५ साली सोनी बीएमजीने आपल्या काही म्युझिक सीडींवर नक्कल रोखणारे सॉफ्टवेअर घातले होते. सीडी संगणकात लावली की ते बसत असे आणि स्वतःला लपवत असे. इतके की ठराविक अक्षरांनी सुरू होणारी कोणतीही फाइल विंडोजला दिसेनाशी होई. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने ३१ ऑक्टोबर २००५ रोजी हे उघड केले. हाताने काढायला गेले तर सीडी ड्राइव्हच गायब होत असे. ओरड झाल्यावर कंपनीने काढून टाकण्याचे साधन दिले, तर त्या साधनानेच संगणकाला नवे भोक पाडले, असे संशोधकांनी दाखवून दिले. शेवटी सीडी परत मागवाव्या लागल्या. गाणी ऐकण्यासाठी पैसे मोजून सीडी विकत घेतलेल्या लोकांची ही गत.

दुसरे प्रकरण २०१५ सालचे. लेनोव्होच्या काही लॅपटॉपवर विकतानाच सुपरफिश नावाचे जाहिराती घुसवणारे सॉफ्टवेअर होते. बँकेसारख्या सुरक्षित साइटवरच्या पानांतही शिरता यावे म्हणून त्याने विंडोजमध्ये स्वतःचे मूळ प्रमाणपत्र, म्हणजे रूट सर्टिफिकेट, बसवले होते. बोभाटा झाल्यावर लोकांनी ते अनइन्स्टॉल केले. प्रोग्रॅम गेला, प्रमाणपत्र तिथेच राहिले. आणि त्या प्रमाणपत्राची गुप्त किल्ली सगळ्या लॅपटॉपवर एकच होती, ती एका तज्ज्ञाने शोधूनही काढली होती. खोली रिकामी करून गेलेल्या माणसाने किल्ली चौकात टांगून ठेवावी, तसे झाले. कंपनीला ते प्रमाणपत्र काढण्यासाठी वेगळे साधन द्यावे लागले. आपाच्या घरातला मामला याहून लहान होता, पण जात तीच.

आता आपला दोष किती? आहे, थोडा आहे. 'नेक्स्ट, नेक्स्ट, फिनिश' हे आपण बिस्मिल्लाह म्हटल्यासारखे दाबत जातो. मधे एका बारीक चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली असते आणि त्या खुणेतून दोन पाहुणे आत येतात. पण सगळा दोष वापरणाऱ्याच्या माथी मारणे मला मान्य नाही. बसवताना एक मोठे निळे बटण. काढताना आधी 'का जाताय?' अशी चौकशी, मग 'थांबा, निम्म्या किमतीत देतो', मग ठळक बटणावर 'ठेवा' आणि फिकट अक्षरांत 'तरीही काढा'. एका अँटीव्हायरसने तर मला 'नको, मला असुरक्षित राहायचे आहे' अशा वाक्यावर क्लिक करायला लावले. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी अशा फसव्या मांडणीबद्दल मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यात तेरा प्रकार नोंदवले आहेत. लाज वाटायला लावून होकार घेणे आणि वर्गणीच्या सापळ्यात अडकवणे हे दोन्ही त्यात आहेत. तेव्हा हा फक्त माझ्या चिडचिडीचा विषय राहिलेला नाही.

काढून टाकता येणे हा ग्राहकाचा हक्क आहे की मेहेरबानी, यावर आपल्याकडे एक लढाई झालीही आहे, पण ती मोबाइलवर. भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी गूगलला १३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला. आधीच टाकून दिलेली गूगलची ॲप्स काढण्यापासून ग्राहकाला अडवू नये, असेही त्या आदेशात होते. २९ मार्च २०२३ रोजी अपील न्यायाधिकरणाने दंड कायम ठेवला आणि हा निर्देश मात्र रद्द केला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. युरोपात उलटे घडले. तिथे डिजिटल मार्केट्स ॲक्टमुळे मार्च २०२४ पासून विंडोजमधून एज ब्राउझर रीतसर अनइन्स्टॉल करता येतो. ही सोय मायक्रोसॉफ्टने युरोपियन आर्थिक क्षेत्रापुरती दिली. तीच विंडोज, तीच किंमत मोजणारा ग्राहक, पण मिरजेत बटण फिके आणि माद्रिदमध्ये चालू. आपल्याकडे बटण चालत नाही याला तांत्रिक कारण नाही, हे यावरून दिसते. कायद्याने भाग पाडले तिथे ते चालले.

त्या रात्री मी काय केले ते सांगतो, कोणाच्या उपयोगी पडेल. आधी भाचीची कागदपत्रे पेनड्राइव्हवर घेतली. दूरवरून चालवणारा तो प्रोग्रॅम सर्वांत आधी, इंटरनेट बंद करून काढला. काढताना 'सेटिंग्जही काढू का?' असे तो विचारतो, तिथे होय म्हणायचे. नाही म्हटले तर कायमचा पासवर्ड पुढच्या वेळेसाठी जपला जाऊ शकतो. रिस्टार्ट करून सर्व्हिसेसच्या यादीत तो उरला नाही ना, ते पाहिले. मग अँटीव्हायरस. हे साध्या रीतीने पूर्ण निघत नाहीत, म्हणून ते बनवणाऱ्या कंपन्या वेगळे रिमूव्हल टूल ठेवतात. ते त्यांच्या मूळ साइटवरूनच घ्यावे, शोधात वर येणाऱ्या जाहिरातीवरून नको. अर्धवट निघालेला अँटीव्हायरस जागा अडवून बसला की विंडोजचा स्वतःचा डिफेंडर कधी कधी उठतच नाही. दोन्ही गेल्यावर इथे तो आपोआप चालू झाला. मग मायक्रोसॉफ्टचेच ऑटोरन्स नावाचे फुकट साधन चालवले. संगणकाबरोबर काय काय उठते ते सगळे ते एका जागी दाखवते. त्यात एखादी ओळ नको वाटली तर पुसायच्या आधी फक्त तिची खूण काढायची आणि दोन दिवस पाहायचे, काही अडले तर खूण परत करता येते. शेवटी ॲपडेटामध्ये जाऊन गेलेल्या प्रोग्रॅमांच्या नावाचे फोल्डर काढले. रजिस्ट्रीला हात लावला नाही.

एवढे झाल्यावर पासवर्ड बदलले, आणि ते त्या लॅपटॉपवरून न बदलता माझ्या फोनवरून बदलले. प्रोग्रॅम काढल्याने गेलेली कागदपत्रे परत येत नाहीत, हे आपाला सांगणे सर्वांत जड गेले. आपा दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन आली. व्यवहार ठीक होते. पैसे गेले असते तर १९३० या सायबर मदत क्रमांकावर लगेच फोन करायचा असतो, तोही घरातल्या कोणाला माहीत नव्हता. भाचीने तो फ्रिजवर लिहून चिकटवला.

मुळासकट काढण्याचा उत्साह मलाही एकदा महागात पडला आहे, ते लपवत नाही. युनिकोडच्या आधी आम्ही मराठीसाठी जी सॉफ्टवेअर वापरत असू, त्यांत प्रत्येकाचे फाँट वेगळे, आणि मराठी अक्षर हे खरे तर इंग्रजी अक्षराच्या जागेवर चढवलेले चित्र. तसल्या एका सॉफ्टवेअरमध्ये मी आठ-नऊ वर्षे लेख लिहिले. नवा संगणक लावताना जुन्यावरून ते 'पूर्ण' काढले, एक साधन वापरून, उरलेसुरलेही झाडून. सॉफ्टवेअरबरोबर फाँटही गेले. दुसऱ्या दिवशी फाइल उघडली तर माझ्या लेखाच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांची रांगोळी. अम्मीवर लिहिलेला एक लेख त्यात होता, तो कुठे छापलाही नव्हता. गावातल्या एका छापखान्यात तो फाँट अजून वापरात होता म्हणून वाचलो. तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे: आधी आपले सामान बाहेर काढायचे, ते दुसरीकडे उघडते का पाहायचे, आणि मगच पाहुण्याला रुखसत करायचे. जुन्या फाँटमधले मराठी लेखन कोणाकडे पडून असेल, तर त्याने ते आजच युनिकोडमध्ये करून घ्यावे. हा विषय वेगळा आहे, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आणि 'एका क्लिकमध्ये सगळे साफ' म्हणणाऱ्या साधनांबद्दल. अनइन्स्टॉल झाल्यावर उरलेले शोधून दाखवणारी काही साधने चांगली आहेत, मी वापरतोही, पण ती दाखवतील ते वाचून मगच पुसतो. रजिस्ट्री क्लीनरच्या वाटेला मी जात नाही. मायक्रोसॉफ्टही त्यांना पाठिंबा देत नाही. शिवाय साफ करणाराच आजारी असू शकतो. २०१७ मध्ये सीक्लीनर या जगभर वापरल्या जाणाऱ्या साधनाच्या ५.३३ या आवृत्तीत हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता आणि ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. लोकांनी ती कंपनीच्या खऱ्या साइटवरूनच घेतली होती.

संगणकावरून प्रोग्रॅम गेला तरी कंपनीकडचे आपले खाते जात नाही, हेही लक्षात ठेवायला हवे. दुल्हाभाईंच्या कार्डावरून त्या 'वेग वाढवणाऱ्या'ची वर्षाची वर्गणी एकदा कापली गेली होती, प्रोग्रॅमचे चिन्ह पुसल्यानंतर चार महिन्यांनी. वर्गणी वेगळी रद्द करावी लागते, खाते वेगळे मिटवावे लागते. आपली माहिती पुसायला सांगण्याचा हक्क २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आला आहे. मी त्या कंपनीला त्याचा हवाला देऊन ईमेल केली. उत्तरादाखल त्यांनी नव्या आवृत्तीची जाहिरात पाठवली. मी पुन्हा लिहिले आहे.

फॉर्म दुसऱ्या दिवशी दुपारी भरून झाला. लॅपटॉप आता दोन-अडीच मिनिटांत सुरू होतो, चार जीबीला याहून जास्त मागण्यात अर्थ नाही. यादीत मूळ कंपनीनेच टाकलेले एक ॲप अजून शिल्लक आहे, त्याचे अनइन्स्टॉलचे बटण फिके आहे आणि दाबले जात नाही. ते मी सुरुवातीला उठणाऱ्यांच्या यादीतून तेवढे काढले. भाची फोनवर दर वेळी विचारते, "मामू, ते कधी जाणार?"